संगणकाचे बिऱ्हाड

‘बिऱ्हाड’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ‘ऱ’, त्याला हलन्त आणि पुढे ‘ह’. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि पुढे ‘ह’. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, कागदावरही सारखेच उमटतात. शोधायला जावे तर मात्र एक सापडतो आणि दुसरा हाती लागत नाही. मराठीला हा अर्धा ‘र’ टाळून चालत नाही. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे कर्नाळ्याच्या किल्ल्यावरून खाली दिसतात त्या. आचार्यांना नमस्कार करायचा असतो, आचाऱ्यांना पंगतीचा अंदाज द्यायचा असतो. मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय. तीनशे पानांच्या पुस्तकात ‘दुसऱ्या’ हा शब्द निम्म्या ठिकाणी एका तऱ्हेने आणि निम्म्या ठिकाणी दुसऱ्या तऱ्हेने आला, की एका फटक्यात व्हायची दुरुस्ती निम्मीच होते.

यावर मी एक उपाय करून ठेवला होता. व्हिम नावाच्या ज्या संपादकात मी मजकूर तपासते, त्याच्या मांडणीच्या फायलीत दोन ओळी लिहिल्या होत्या. फाइल जतन होण्याआधी दुसऱ्या तऱ्हेचा प्रत्येक अर्धा ‘र’ पहिल्या तऱ्हेचा करून टाकायचा, एवढेच त्यांचे काम. त्या लिहिल्या आणि विसरून गेले. मागच्या पावसाळ्यात जुन्या पनवेलमधल्या आमच्या घरच्या संगणकाची डिस्क बंद पडली. पुस्तकांच्या फायली, फोटो, बिले, सगळ्यांची प्रत दुसरीकडे होती. एक पानही गेले नाही. नवी डिस्क बसवली, लिनक्स नव्याने घातले, फायली परत आणल्या आणि कामाला बसले, तर काहीच हाताला लागेना. कळफलक बदलायची कळ दुसरीच. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे. नेरे, वावंजे, शिरढोण, पळस्पे या गावांच्या नावांखाली लाल रेघा. आणि त्या दोन ओळी नाहीत, हे तर मला तीन आठवड्यांनी कळले, एका पुस्तकाची दुसरी तपासणी चालू असताना.

घर तेच होते, बिऱ्हाड हरवले होते. सामान वाचवण्याची काळजी आपण सगळे घेतो. ते सामान कुठे, कसे लावले आहे, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. या लेखाचा विषय तेच लिहून ठेवण्याची साधने हा आहे. ती सगळी मुक्त स्रोताची आहेत, फुकट मिळतात, आणि त्यांची तुलना करायला मला माझे स्वतःचे तीन आठवडे मोजावे लागले आहेत.

आधी ही मांडणी राहते कुठे ते पाहू. लिनक्स आणि मॅक या दोन्ही प्रणालींत तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये काही फायली अशा असतात, ज्यांच्या नावाची सुरुवातच टिंबाने होते. बॅशआरसी, व्हिमआरसी, गिटकॉन्फिग अशी त्यांची नावे. नेहमीच्या यादीत त्या दिसत नाहीत. हे लपणे कुणी ठरवून केलेले नव्हते. युनिक्सच्या बालपणी प्रत्येक फोल्डरमध्ये दोन खास नोंदी असत: एक टिंब म्हणजे हेच फोल्डर, दोन टिंबे म्हणजे वरचे. यादी दाखवताना त्या दोन नकोत, म्हणून केन थॉम्प्सन किंवा डेनिस रिची यांच्यापैकी कुणीतरी सोपी वाट धरली आणि ‘पहिले अक्षर टिंब असेल तर वगळ’ असे लिहून टाकले. त्यामुळे टिंबाने सुरू होणारे कोणतेही नाव आपोआप लपू लागले आणि आपापली मांडणी ठेवायला प्रोग्रामना आयती जागा मिळाली. बेल लॅब्जमध्ये पुढे काम केलेल्या रॉब पाइक यांनी ही हकिकत सांगितली आहे. नावाच्या शेवटी येणारा ‘आरसी’ त्याहून जुना आहे. एमआयटीतल्या सीटीएसएस या प्रणालीवर १९६० च्या दशकात लुई पूझाँ यांनी ‘रनकॉम’ नावाची सोय केली होती, म्हणजे आज्ञांची फाइल एकामागून एक चालवणे. त्या शब्दाचा हा उरलेला तुकडा.

२००३ मध्ये ‘एक्सडीजी’ नावाचा एक संकेत ठरला, की अशा फायली घरभर न पसरता ‘.कॉन्फिग’ या एका फोल्डरखाली ठेवाव्यात. बऱ्याच नव्या प्रोग्रामनी तो पाळला, जुन्यांनी नाही. म्हणून आजही थोडे सामान ओट्यावर, थोडे फडताळात अशी स्थिती असते.

मराठीत काम करणाऱ्याला ही मांडणी इंग्रजीत काम करणाऱ्यापेक्षा जास्त जपावी लागते. इंग्रजी लिहिणाऱ्याला संगणक पेटीतून काढल्यावर जवळजवळ तयारच मिळतो. आपल्याला तो तयार करून घ्यावा लागतो. कळफलकापासूनच पाहा. कुणी इनस्क्रिप्ट वापरतो, जो १९९१ च्या इस्की मानकात दिलेला आहे. कुणी अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्सच्या पद्धतीने रोमन अक्षरांतून मराठी उमटवतो. कुणाला फोनेटिक हवा असतो. मग फाँट. रेड हॅटने खुला केलेला लोहित, मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, आयआयटी मुंबईत घडलेला शोभिका, नोटो. यांतला कोणता आधी आणि कोणता नंतर, हे ‘फाँट्स.कॉन्फ’ नावाच्या फायलीत सांगावे लागते. काही फाँटांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रणालीला कळले, तरच पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ येतात. ते कळवणारी ओळ आणखी एका फायलीत. महिन्यांची आणि वारांची नावे मराठीत हवीत, पण चुकांचे संदेश इंग्रजीतच हवेत, कारण त्यांवरचे उपाय इंग्रजीत शोधायचे असतात; त्यासाठी ‘एलसी टाइम’ची वेगळी ओळ. आणि शेवटी शब्दसंग्रह, ज्याच्याबद्दल नंतर बोलेन. यातली एकही ओळ कुणी तयार करून दिलेली नाही. प्रत्येकीमागे कधीतरी अर्धा दिवस गेला आहे.

माझी भाची नवीन पनवेलला अभियांत्रिकी शिकते. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मावशी, सगळ्या फायली पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेव ना, झालं.” मी तसे केले होते, पूर्वी. अडचण अशी की मांडणी रोज थोडी थोडी बदलते. कॉपी केली त्या दिवसापासून ती शिळी होऊ लागते. दुसरी अडचण माझी स्वतःची. घरी एक संगणक आहे, हार्बर लाइनने मुंबईला जाताना सोबत नेते तो लॅपटॉप आहे, आणि प्रकाशकाच्या कचेरीत आठवड्यातून दोन दिवस बसते तिथे विंडोज आहे. तिन्ही ठिकाणी माझ्या हाताची सवय एकच, पण तिन्ही यंत्रे वेगळी.

मांडणी सांभाळणाऱ्या जवळजवळ सगळ्या साधनांच्या पोटात गिट असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेले हे साधन फायलींचा प्रत्येक बदल तारखेसह, कारणासह नोंदवते आणि मागच्या कोणत्याही दिवसाकडे परत नेते. मांडणीच्या फायली साध्या मजकुराच्या असतात, त्यामुळे गिटला त्या फार मानवतात. मग गिटच का वापरू नये? अडचण जागेची आहे. गिटला आपले सगळे सामान एका फोल्डरमध्ये लागते आणि मांडणीच्या फायली घरभर विखुरलेल्या असतात. या विखुरलेपणाचे काय करायचे, याचे जे उत्तर एखादे साधन देते तेच त्याचे वेगळेपण.

सर्वांत जुने उत्तर आहे ग्नू स्टो. बॉब ग्लिकस्टीन यांनी १९९३ मध्ये ते पर्लमध्ये लिहिले, तेही निराळ्या कामासाठी. हाताने बसवलेले सॉफ्टवेअर एकमेकांत मिसळू नये, म्हणून प्रत्येकाला आपापल्या फोल्डरमध्ये ठेवायचे आणि सामाईक जागी फक्त दुवे करायचे, अशी ती कल्पना होती. मांडणीच्या फायलींसाठी ती वापरता येते हे लोकांना पुष्कळ नंतर उमगले. घरात ‘डॉटफाइल्स’ नावाचे एक फोल्डर करायचे. त्यात व्हिम, गिट, फाँट असे कप्पे. व्हिमच्या कप्प्यात व्हिमआरसी ठेवायची आणि टर्मिनलमध्ये ‘स्टो व्हिम’ म्हणायचे. स्टो मूळ जागी एक दुवा, म्हणजे सिमलिंक, तयार करतो. व्हिमला वाटते फाइल नेहमीच्या जागी आहे. खरी फाइल कप्प्यात असते. दुवा काढायचा तर ‘उणे डी’. आधी नुसते पाहायचे असेल, तर ‘उणे एन’ लिहिले की काय होणार ते तो सांगतो आणि काही करत नाही.

स्टो मला आवडतो, कारण त्याला काही लपवायचे नसते. तो बंद पडला, जगातून नाहीसा झाला, तरी तुमच्या हाती एक साधे फोल्डर आणि काही दुवे उरतात. पण त्याच्या तीन खोडी कळायला मला त्रास झाला. पहिली: मूळ जागी आधीच एखादी खरी फाइल असेल, तर स्टो तिला हात लावत नाही, थांबतो. हे योग्यच आहे. त्यावर ‘ॲडॉप्ट’ हा पर्याय सुचवला जातो, पण तो मूळ जागची फाइल कप्प्यात हलवतो, म्हणजे कप्प्यातली तुमची जपलेली प्रत पुसली जाते. आधी गिटमध्ये नोंद केलेली असेल तरच तो वापरावा. दुसरी खोड: एखादे फोल्डर पूर्णपणे एकाच कप्प्याचे असेल, तर स्टो आतल्या फायलींऐवजी आख्ख्या फोल्डरचाच दुवा करतो. मग तो प्रोग्राम त्या फोल्डरमध्ये ज्या तात्पुरत्या फायली टाकेल, त्या सगळ्या तुमच्या जपलेल्या कप्प्यात येऊन पडतात. ‘नो फोल्डिंग’ म्हटले की हे टळते. तिसरी खोड स्टोची नाही, दुव्यांची आहे. काही प्रोग्राम जतन करताना जुनी फाइल बदलत नाहीत. नवी तयार करतात आणि जुनीच्या जागी सरकवतात, म्हणजे मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल राहू नये. हेतू चांगला, पण त्यात दुवा पुसला जाऊन तिथे खरी फाइल बसते. तुम्हाला वाटत राहते बदल नोंदले जात आहेत, आणि कप्प्यातली प्रत महिनोन्‌महिने जुनीच. म्हणून दुवा केल्यावर त्या प्रोग्राममधून एकदा काहीतरी जतन करून दुवा टिकला का ते पाहावे. मी आता हे न चुकता करते.

दुव्यांच्याच घराण्यातले दुसरे साधन डॉटबॉट, अनिश अठल्ये यांनी पायथनमध्ये लिहिलेले. त्यात कोणती फाइल कुठे जोडायची ते एका यादीत लिहितात आणि एक आज्ञा दिली की सारे दुवे होतात. यादी वाचता येण्याजोगी असते हा त्याचा गुण. थॉटबॉट या कंपनीचे आरसीएम हेही त्याच वळणाचे.

दुवेच नकोत असे म्हणणाऱ्यांची एक युक्ती आहे, जिला कोणतेही नवे साधन लागत नाही. गिटची नोंदवही एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि त्याला सांगायचे की तुझे कामाचे फोल्डर म्हणजे माझे आख्खे घर. ज्या फायली तुम्ही स्वतः नोंदवाल तेवढ्यावरच त्याने लक्ष ठेवायचे, बाकीच्यांची यादीही दाखवायची नाही. फायली आपापल्या जागी राहतात, दुवा नाही, प्रत नाही. ज्याला गिट अंगवळणी पडले आहे त्याला ही वाट सुंदर वाटते. माझा तिला विरोध नाही, पण दोन धोके सांगते. घाईत ‘सगळे नोंदव’ अशी आज्ञा गेली, तर आख्खे घर, किल्ल्यांसकट, नोंदवहीत जाते. आणि गिटची ‘क्लीन’ ही आज्ञा, जी नोंद नसलेल्या फायली काढून टाकते, ती इथे चुकून चालवली, तर नोंद नसलेल्या फायली म्हणजे तुमची पुस्तके, तुमचे फोटो. मुद्रितशोधक रोज दोनशे वेळा बोटे चालवतो. त्याच्या घरात ही सुरी मी उघडी ठेवणार नाही.

याच युक्तीला सभ्य रूप दिले टिम बर्न यांच्या याडमने. तेही आतून गिटच, फक्त नाव वेगळे, त्यामुळे नेहमीच्या गिटशी गल्लत होत नाही. त्याची खरी देणगी म्हणजे एकाच फायलीच्या निरनिराळ्या यंत्रांसाठी निरनिराळ्या आवृत्त्या. फायलीच्या नावापुढे दोन जाळीची चिन्हे, मग प्रणालीचे किंवा यंत्राचे नाव लिहायचे. याडम ज्या यंत्रावर असेल त्याची आवृत्ती निवडून जोडून देतो. गुप्त फायली कुलूपबंद करून ठेवण्याची सोयही त्यात आहे. दोन लिनक्स यंत्रे आणि एक मॅक असे ज्याचे घर आहे, त्याला मी याडम सुचवेन.

आता शेम्वा. टॉम पेन यांनी २०१८ मध्ये गो भाषेत लिहायला घेतलेले हे साधन. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ ‘माझ्या घरी’. बिऱ्हाडाच्या विषयाला इतके नेमके नाव दुसऱ्या कुठल्याच साधनाला मिळालेले नाही. शेम्वा दुवे करत नाही, प्रती करतो. जपलेल्या फायली एका फोल्डरमध्ये, थोड्या विचित्र नावांनी राहतात: टिंबाच्या जागी ‘डॉट’ असा शब्द, फक्त मालकाने वाचायची असेल तर ‘प्रायव्हेट’ असा शब्द. ‘डिफ’ म्हटले की जपलेली प्रत आणि प्रत्यक्ष फाइल यांत फरक काय तो दाखवतो. ‘अप्लाय’ म्हटले की प्रत्यक्षात आणतो. मध्ये तुम्ही किंवा एखाद्या प्रोग्रामने मूळ जागी बदल केला असेल, तर न विचारता त्यावर लिहीत नाही, आधी विचारतो. दुवा पुसला जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

पण मी त्याच्याकडे वळले ते दुसऱ्या कारणासाठी. शेम्वात फाइल साचा असू शकते. म्हणजे एकाच व्हिमआरसीत ‘यंत्र विंडोज असेल तर ही ओळ, नाहीतर ती’ असे लिहिता येते. याडममध्ये सरळ वाट आहे ती वेगवेगळ्या आवृत्त्यांची. आवृत्त्या वेगळ्या झाल्या की एकीतली दुरुस्ती दुसरीत करायची राहून जाते, आणि हे माझ्या व्यवसायात मी रोज पाहते: पहिल्या मुद्रितात सुधारलेले दुसऱ्यात परत चुकते. साच्यात ऐंशी सामाईक ओळी एकदाच असतात, वेगळ्या दोन ओळींपुरती अट असते. अर्ध्या ‘र’च्या माझ्या दोन ओळी तिन्ही यंत्रांवर सारख्याच लागतात, फाँटाचे नाव मात्र वेगळे. विंडोजवर फाँट्स.कॉन्फचा उपयोगच नाही, तर ती फाइल तिथे नेऊच नकोस असेही सांगता येते. आणि शेम्वा विंडोजवर चालतो, तेही एकच फाइल उतरवून, ही गोष्ट मराठी लेखकांसाठी लहान नाही, कारण आपल्यातले बहुतेक तिथेच लिहितात.

त्याची उणीव त्याच्या गुणाच्या पाठीलाच आहे. साच्यात गेलेली फाइल पहिल्या नजरेला वाचवत नाही. महिरपी कंस, अटी, मध्येच तुटलेल्या ओळी. शिवाय मूळ जागी केलेला बदल जपलेल्या प्रतीत परत न्यायला विसरलात, तर तो त्या एका यंत्रापुरताच राहतो. स्टोमध्ये असे होत नाही, तिथे दोन्ही एकच. पहिल्या महिन्यात मी हे दोनदा विसरले.

या सगळ्यांच्या पलीकडे होम मॅनेजर आहे. तो निक्सवर उभा आहे. निक्स म्हणजे एल्को डोल्स्ट्रा यांनी युट्रेक्ट विद्यापीठात घडवलेली पद्धत, ज्यावर त्यांचा २००६ चा प्रबंध आहे. इथे फायली जपायच्या नसतात. आपल्याला काय हवे आहे ते निक्सच्या भाषेत लिहायचे असते: हे प्रोग्राम, या आवृत्तीचे, अशा मांडणीचे. मग निक्स ते सारे उभे करतो. नवी मांडणी बिघडली, तर एका आज्ञेत कालच्या मांडणीवर परत. बाकीची साधने बिऱ्हाडाचे सामान नेतात, हे घरासकट बांधून देते. किंमत अशी की एक नवी भाषा शिकावी लागते, डिस्कवर बरीच जागा जाते, आणि तयार झालेल्या फायली फक्त वाचायच्या असतात. जो प्रोग्राम स्वतःच्या मांडणीत स्वतः लिहायला जातो तो अडतो. भाचीने तिच्या लॅपटॉपवर हे केले आहे आणि ती खूश आहे. मी दोन रविवार दिले आणि परत आले. मला पुस्तक तपासायचे होते.

आता एक अशी अडचण, जी मराठीत लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी भेटते आणि जिचे उत्तर वरच्या साधनांपैकी एकाकडेही थेट नाही. ग्नोम या पटलावर आयबस नावाची सोय मराठी कळफलक चालवते. कोणता कळफलक, कोणत्या कळीने बदलायचा, ही मांडणी साध्या मजकुरात नसते. ती डीकॉन्फ नावाच्या एका बंद कोठारात असते, आणि ते कोठार म्हणजे माणसाला न वाचता येणारी एकच फाइल. ती गिटमध्ये टाकून उपयोग नाही; पडद्याचा रंग बदलला तरी आख्खी फाइल बदललेली दिसते. उपाय असा: ‘डीकॉन्फ डंप’ या आज्ञेने कळफलकापुरता भाग मजकुरात उतरवायचा, तो मजकूर जपायचा, आणि नव्या यंत्रावर ‘डीकॉन्फ लोड’ने परत घालायचा. शेम्वाला सांगता येते की हा मजकूर बदलेल तेव्हा ही आज्ञा आपण होऊन चालव. आयबसच्या जागी एफसिटिक्स वापरले, तर त्याची मांडणी वाचता येण्याजोग्या फायलींत राहते, पण तो स्वतः आपली फाइल पुन्हा पुन्हा लिहितो, म्हणून तिथे दुव्यापेक्षा प्रत बरी.

गुप्ततेबद्दल मला जरा ठासून सांगायचे आहे. मांडणीच्या फायलींत नकळत परवलीचे शब्द असतात: मेलच्या फायलीत, एखाद्या सेवेच्या चावीत, आज्ञांच्या इतिहासात. गिटची स्मरणशक्ती हाच इथे शत्रू. आज फाइल काढून टाकली तरी कालच्या नोंदीत ती आहेच. असे काही सार्वजनिक जागी गेले, तर पुसत बसण्याआधी तो परवलीचा शब्द बदलावा. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठीच्या एसएसएचची खासगी किल्ली तर नोंदवहीत ठेवूच नये. नव्या यंत्रावर नवी करावी. शेम्वा परवलीचे शब्द बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससीसारख्या तिजोरीतून आयत्या वेळी आणू शकतो, म्हणजे जपलेल्या फायलीत फक्त त्यांचा पत्ता राहतो. आणखी एक बारीक गोष्ट: फाइल कुणी वाचायची आणि कुणी लिहायची याच्या परवानग्या गिट नोंदवत नाही, ती चालवता येते की नाही एवढेच नोंदवते. त्यामुळे नव्या यंत्रावर आणलेली एसएसएचची मांडणी कधीकधी गटातल्या इतरांनाही बदलता येईल अशी उतरते, आणि एसएसएच ती वापरायला नकार देतो. शेम्वाचा तो ‘प्रायव्हेट’ शब्द याचसाठी आहे.

नोंदवही ठेवायची कुठे, यासाठी गिटहब, गिटलॅब, कोडबर्ग ही संकेतस्थळे आहेत. पण पेनड्राइव्हवरही गिटची पुरी नोंदवही राहू शकते, आणि ज्याला आपले घर दुसऱ्याच्या अंगणात मांडायचे नाही त्याने तसेच करावे. भाचीचा पेनड्राइव्हचा सल्ला चुकीचा नव्हता. कॉपीच्या जागी नोंदवही हवी होती.

कोणते निवडावे, असे कुणी विचारले तर मी उलट विचारते: तुमची यंत्रे किती, आणि ती कशात वेगळी आहेत? एकच यंत्र असेल, किंवा दोन अगदी सारखी असतील, तर स्टो घ्या. एका संध्याकाळी होते. यंत्रे वेगळी असतील, त्यांत विंडोज असेल, तर शेम्वा. यंत्र मोडले तर तासाभरात तेच जसेच्या तसे उभे राहायला हवे असेल आणि शिकायला वेळ असेल, तर होम मॅनेजर. पनवेलसारख्या गावात ही चर्चा फार परकी वाटू नये. मुंबई, पुणे आणि गोवा यांचे रस्ते इथे मिळतात. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे वसत गेले, आणि टेंपोतून उतरलेली किती बिऱ्हाडे आम्ही पाहिली. ज्या घरातल्या डब्यांवर आत काय आहे ते लिहिलेले असे, त्या घरात पहिल्या रात्री वरणभात शिजे.

राहिला शब्दसंग्रह. लिबरऑफिसमध्ये लाल रेघेवर उजवी कळ दाबून आपण जो शब्द ‘योग्य’ म्हणून घालतो, तो ‘स्टँडर्ड.डिक’ नावाच्या एका फायलीत जातो. वर चार ओळींचे डोके, आणि खाली एका ओळीवर एक शब्द. इतकी साधी फाइल, आणि माझ्या सगळ्या मांडणीतली सर्वांत मोलाची हीच. तिच्यात गव्हाण, उलवे, ओवळे, चिंध्रण, मालडुंगे ही गावे होती. गाढी नदी होती. पुस्तकांतून भेटलेली माणसांची आडनावे होती. असे शब्द होते जे कुठल्याच तयार कोशात नाहीत आणि ज्यांचे लेखन लेखकाशी फोनवर बोलून ठरले होते. डिस्क गेली तेव्हा पुस्तके वाचली आणि ही यादी गेली. ती मी वाचलेल्या पुस्तकांतूनच पुन्हा काढते आहे, एकेक शब्द.

ही फाइल दोन यंत्रांवर एकाच वेळी वाढते. घरी मी पाच शब्द घालते, गाडीत लॅपटॉपवर तीन. गिट अशा वेळी बदलांची टक्कर झाली म्हणून थांबतो. त्यावर एक छान सोय आहे. नोंदवहीतल्या ‘गिटॲट्रिब्यूट्स’ या फायलीत त्या यादीच्या नावापुढे ‘मर्ज युनियन’ असे लिहायचे, म्हणजे टक्कर झाली तर गिट दोन्हीकडच्या ओळी ठेवतो. प्रोग्रामच्या मांडणीला हे चालणार नाही, दोन उलट ओळी एकत्र येतील. शब्दांच्या यादीला मात्र हेच हवे. गेल्या आठवड्यात लॅपटॉपवर ‘आपटे’ घातला होता आणि घरी ‘मोर्बे’. रात्री दोन्ही जुळवले, आणि यादीत दोघे एकाखाली एक उभे होते.